सॅप

मानेवाड्याच्या क्लासमध्ये, तापल्या पत्र्याखाली
मे महिन्यातल्या साडेचारला
आचल उईकेनं विचारलं:
मॅडम, सॅप म्हणजे झाडाचा रस ना?
मग तापानं पोराची ताकद सॅप केली,
हे कसं काय?

सोपं आहे, मी म्हटलं.
फळ्यावर धावड्याचं झाड काढलं, खोडाला चीर,
चिरेतून डिंक.
काढत राहिलं की झाड वाळतं.
एकवीस जणांनी झाड उतरवून घेतलं.

रात्री कोश उघडला तर मी चूक.
रस वेगळा, हे क्रियापद वेगळं,
स्पेलिंग तेवढं एक,
जसे आमच्या गल्लीतले दोन नगराळे,
ज्यांचं टपालही बदलतं आणि पटतही नाही.
हे आलं मातीतून.
इटलीतली एक कुदळ, झाप्पा तिचं नाव,
फ्रेंचांनी खांद्यावर टाकून वेढ्यात नेली.
वाकडातिकडा चर खणत तटाशी जायचं,
मग तटाच्या पायाखालची माती काढायची
टोपलीटोपलीनं.
वर भिंत उभीच.
वर पहारेकरी जांभई देतोय.
पुढं कधी तरी शब्दाच्या हातून कुदळ सुटली
आणि नुसतं खचणं उरलं.

बाबा, सॅपर म्हणजे काय जी?
ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.
"कुदळवाला," म्हणाले.
"चोवीस वर्षं. हवालदार कुदळवाला. काहून?"

काहून ते मी सांगितलं नाही.

साखरेला बारा वर्षं झाली.
आता पायातली चप्पल निघाली तरी त्यांना कळत नाही.
दिवाळीत अंगठ्यात खिळा गेला,
फरशीवरच्या ठशांकडे बघून त्यांनी मलाच विचारलं,
"कोनाचं रक्त हाय हे?"
सहीतला शेवटचा ळे बँकेला पटेनासा झालाय.
कुठला एक दिवस दाखवू डॉक्टरांना,
या दिवसापासून म्हणून?

शेजारच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीमचा खड्डा पडलाय,
दोन पुरुष खोल.
सकाळी सातला पोकलेन सुरू होतो
आणि बाबा कुंपणाला खुर्ची लावून बसतात.
"बाजूले टेका नाही देऊन राह्यले हे लोकं.
काळी माती हाय, बापा.
उन्हाळ्यात तडकते, पावसात फुगते.
आपली भित सरकन एखाद दिवशी."
पोकलेनवाला पोरगा त्यांना लांबून सलाम करतो.
चहा पाठवला तर पितो. ऐकत नाही.

त्या रात्री त्यांनी मला कूलर बंद करायला लावला.
नागपुरात, मे महिन्यात.
"एक वाटी आन. पानी भर काठोकाठ.
ठेव तिथं, भितीच्या बुडाशी."
किल्ल्यातले लोक असंच करायचे म्हणे,
खालून कोणी खणलं की पाण्यावर गोल उठतो.
मी मोबाईलचा उजेड धरला.
स्टीलच्या वाटीत एक पिवळा बल्ब आणि आमची दोन डोकी.

एक गोल उठला.
"रिंग रोडचा ट्रक," बाबा म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
घाम माझ्या कोपरावरून ठिबकत होता,
त्यांच्या कपाळावर थेंबही नव्हता.
पुन्हा एक, अगदी बारीक, कडेपर्यंत न पोचलेला.
हा कशाचा?
ते बोलले नाहीत.
त्यांचा हात फरशीवर टेकला होता, वाटीशेजारी,
आणि हलत होता.
मी उजेड थोडा बाजूला घेतला.

कूलर कधी लावला आठवत नाही.

सकाळी वाटी तिथंच.
मी उकिडवी बसून पाहिलं,
पोकलेन अजून सुरू व्हायचा होता,
पाणी आरशासारखं स्थिर.
फक्त बोटभर कमी.

"सांडलं नाही ना?" बाबांनी खाटेवरून विचारलं.
नाही म्हटलं.
मग वाटी पुन्हा काठोकाठ भरली
आणि क्लासला निघाले,
फळ्यावरचं झाड पुसायचं होतं.